अंतराळातील डाव आणि उंचीचा हिशेब

मागील अंकात संगणकावरील अंतराळयुद्धाच्या स्ट्रॅटेजी गेमविषयी लिहिताना "यांतील बहुतेक खेळ प्रत्यक्षात सपाट पटावरच खेळले जातात" असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्या एका वाक्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या प्रश्नांची मुळेही त्यातच आहेत.

प्रश्न (भुसावळ, अभियांत्रिकीचे विद्यार्थी): अंतराळात जहाज कोणत्याही दिशेने जाऊ शकते. मग अशा युद्धाचे गेम बनवणारे लोक आपल्याला कॅरमबोर्डासारख्या सपाट पृष्ठभागावर का बांधून ठेवतात? हा आळस आहे, की त्यामागे काही कारण आहे? मी 'होमवर्ल्ड' खेळतो आणि त्यातील मोकळीक मला फार आवडते. माझ्या मोठ्या भावाने मात्र तो अर्ध्या तासात सोडून दिला. "जहाज वर पाठवायचे तर दोन हात पुरत नाहीत," असे त्याचे म्हणणे. आम्हा दोघांत बरोबर कोण?

उत्तर: तुमच्या भावाची तक्रार खरी आहे आणि तुमचा आनंदही खरा आहे. भावाने त्या मोकळिकीची किंमत पाहिली, तुम्ही तिचे फळ पाहिले. किंमत समजायला सोपी आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

माऊस टेबलावर दोनच दिशांना सरकतो आणि स्क्रीनलाही लांबी-रुंदी एवढ्या दोनच मिती असतात. सपाट पटावर एका टिचकीने जागा निश्चित होते; अवकाशात मात्र तीच टिचकी एक जागा न दाखवता स्क्रीनच्या आत खोलवर जाणारी एक सरळ रेषा दाखवते, आणि त्या रेषेवरचा नेमका कोणता बिंदू हवा हे खेळाडूला वेगळे सांगावे लागते. १९९९ साली रेलिक एंटरटेनमेंट या कंपनीने आणलेल्या 'होमवर्ल्ड'ने या अडचणीवर जो तोडगा काढला, तो मला आजही त्या खेळातील सर्वांत हुशारीचा भाग वाटतो. एम हे बटण दाबले की निवडलेल्या जहाजाभोवती एक आडवी चकती उमटते. माऊसने त्या चकतीवर जागा धरायची, मग शिफ्ट दाबून ठेवून माऊस पुढे-मागे केला की त्या जागेवरून एक उभी रेघ वर किंवा खाली वाढत जाते, आणि हवी ती उंची आली की टिचकी द्यायची. म्हणजे अवघड असा एक निर्णय दोन सोप्या निर्णयांत फोडला आहे. कॅमेराही रिकाम्या जागेत भरकटत नाही. तो नेहमी कुठल्या तरी जहाजाभोवती फिरतो, त्यामुळे दृष्टीला धरायला एक खुंटी राहते.

आडवे प्रतल आणि त्यावर उभी रेघ ही युक्ती त्याहून जुनी आहे. १९८४ सालच्या 'इलिट' या खेळात, बीबीसी मायक्रो संगणकाच्या अगदी तुटपुंज्या स्मरणशक्तीत, स्क्रीनच्या तळाशी एक लंबवर्तुळाकार रडार दाखवले होते. आसपासचे प्रत्येक जहाज त्यात एका उभ्या काडीच्या टोकावर दिसे आणि काडी प्रतलाच्या वर आहे की खाली, किती लांब आहे, यावरून त्याची उंची कळे. चाळीस वर्षांनंतरही याहून स्वच्छ पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

इतका चांगला तोडगा असूनही तुमचा भाऊ थकला, कारण प्रत्येक आज्ञेला दुप्पट कृती लागते आणि हा खेळ घड्याळावर चालतो; तुम्ही उंची ठरवत असता तेव्हा शत्रू थांबत नाही. त्याखेरीज वाचण्याचे कष्ट वेगळेच असतात. सपाट पटावर दोन तुकड्यांमधले अंतर डोळ्यांना थेट दिसते. त्रिमितीय चित्रात मात्र जवळ दिसणाऱ्या दोन तुकड्या प्रत्यक्षात एकीमागे एक, पुष्कळ दूर असू शकतात, आणि त्याची खात्री करण्यासाठी कॅमेरा फिरवावा लागतो. मी स्वतः हा खेळ पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझी अर्धी संध्याकाळ कॅमेरा फिरवण्यातच गेली होती आणि माझ्या टेहळणी जहाजांनी तेवढ्यात आपले इंधन संपवले होते.

आता फळाकडे. तिसरी मिती दिल्याने खेळाडूच्या हातात खरोखर काय नवे येते, हा प्रश्न फार कमी वेळा नीट विचारला जातो. शाळेच्या भूमितीतील एक गोष्ट आठवा: कोणतेही दोन बिंदू एका रेषेवर असतात आणि कोणतेही तीन बिंदू एका प्रतलावर असतात. तुमचे आरमार, शत्रूचे आरमार आणि ज्याच्यासाठी लढाई चालली आहे तो ग्रह, असे तीनच बिंदू घेतले, तर ते अवकाशात कसेही विखुरलेले असोत, त्यांमधून जाणारे एक सपाट प्रतल असतेच. कॅमेरा त्या प्रतलावर लंब करून धरला की समोर उरतो तो सपाट पटावरचाच डाव. चौथी महत्त्वाची वस्तू त्या प्रतलाबाहेर आली की मगच त्रिमिती खऱ्या अर्थाने सुरू होते. म्हणून दोन आरमारांच्या साध्या चकमकीत खेळाडू उंचीची किंमत प्रत्येक आज्ञेला मोजतो, पण तिचे फळ त्याला क्वचितच मिळते.

दुसरे असे की आपण उंचीला महत्त्व देतो ते जमिनीवरच्या अनुभवामुळे. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्याला ठाऊक असते की वरून पडलेला मांजा आणि खालून घासलेला मांजा यांत फरक आहे, ढील देण्याचा क्षण वेगळा आणि खेचण्याचा वेगळा. तो फरक वाऱ्याने, दोऱ्याच्या वजनाने आणि उडवणारा खाली जमिनीवर उभा असल्याने निर्माण होतो. मोकळ्या अंतराळात यातले काहीच नाही. तेथे वर जाणे हे उजवीकडे जाण्यासारखेच आहे. नाव वेगळे, परिणाम तोच. खेळात एखादी दिशा नुसती वाढवली आणि तिला स्वतःचा गुण दिला नाही, तर पट मोठा होतो, डाव खोल होत नाही.

पट मोठा होणे हीसुद्धा साधी गोष्ट नाही. चौकोनी घरांच्या पटावर एका सोंगटीपासून पाच पावलांच्या आत तिचे स्वतःचे धरून १२१ घरे येतात. तसाच पट घनाकार घरांचा केला, तर तीच संख्या १,३३१ होते. सोंगट्या मात्र तेवढ्याच राहतात, म्हणून त्या एकमेकींना भेटेनाशा होतात. जर्मनीतील फर्डिनांड माक यांनी १९०७ साली 'राउमशाख' नावाचे त्रिमितीय बुद्धिबळ तयार केले. आधुनिक युद्धात हल्ला हवेतून आणि पाण्याखालूनही होतो, तेव्हा बुद्धिबळातही तसा व्हावा, असा त्यांचा विचार होता. त्यांनी आधी आठ घरांच्या बाजूचा घन घेतला आणि अखेर पाच घरांच्या बाजूवर, म्हणजे १२५ घरांवर ते स्थिरावले. तेथे राजाला सभोवती ८ ऐवजी २६ घरे मिळतात. मधोमध उभ्या राजावर मात करायची तर ती सगळी घरे आणि त्याचे स्वतःचे घर, अशी २७ घरे माऱ्याखाली आणावी लागतात. हत्तीला सहा दिशा, उंटाला बारा, आणि घनाच्या कोपऱ्यांतून जाणाऱ्या उरलेल्या आठ दिशांसाठी त्यांना युनिकॉर्न नावाचे नवे मोहरेच निर्माण करावे लागले. हा खेळ सुंदर आहे, पण त्यात पळणाऱ्याला वाटा फार आणि पकडणाऱ्याला हात थोडे.

आणि हाच मुद्दा युद्धाच्या खेळात सर्वांत जड ठरतो. आपल्या जुन्या खानदेशाचा इतिहास पाहा. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर आणि तिच्या उत्तरेला सातपुड्यातील खिंडीवर अशीरगड. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणारी वाट त्या गडाच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. अकबराला तो ताब्यात घेण्यासाठी दीर्घ वेढा घालावा लागला आणि १६०१ च्या जानेवारीत तो पडला. सातपुडा ओलांडणे कठीण होते म्हणून त्या गडाला मोल होते. सैन्याला डोंगरावरून हवे तेथून उडून जाता आले असते, तर अशीरगड ही डोंगरावरची एक भक्कम इमारत एवढेच उरले असते.

रिकाम्या त्रिमितीय अवकाशात नेमके हेच होते. समजा, एका चौकीच्या तोफांचा मारा एक एकक व्यासाच्या घेरात पोहोचतो. सपाट पटावर दहा एकके रुंदीची सीमा अडवायला दहा चौक्या पुरतात. त्रिमितीत ती सीमा रेषा राहत नाही, दहा बाय दहाचा पडदा होते, आणि तो पूर्ण झाकायला सव्वाशेहून अधिक चौक्या लागतात. एवढ्या चौक्या कोणताही खेळाडू बांधत नाही. परिणामी आघाडी, पिछाडी, बगल, नाकेबंदी, माघारीची वाट हे सगळे शब्द हळूहळू अर्थहीन होतात आणि दोन्ही बाजू आपापला एकच मोठा गोळा करून समोरासमोर आदळतात. ज्या मोकळिकीसाठी तिसरी मिती आणली, तीच डावपेच खाऊन टाकते.

म्हणून सपाट पट निवडणाऱ्या रचनाकाराला मी आळशी म्हणणार नाही. २००६ सालच्या 'स्टार वॉर्स: एम्पायर ॲट वॉर' या खेळातील अंतराळयुद्धे एका प्रतलावर आहेत. २००८ सालच्या 'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर' या खेळातही जहाजे सुंदर त्रिमितीय दिसतात, परंतु डाव मुख्यतः ग्रहाभोवतीच्या आडव्या घेरात आणि ग्रहांना जोडणाऱ्या ठरलेल्या मार्गांवर चालतो. या दोन्ही खेळांत खेळाडूचे लक्ष काय बांधायचे आणि कोठे लढायचे या निर्णयांकडे मोकळे राहते.

मग 'होमवर्ल्ड' फसला का? मुळीच नाही, आणि येथे मी तुमच्या बाजूने बोलतो. त्या खेळाने उंचीला थोडा का होईना गुण दिला. त्यातील आयन तोफेचे फ्रिगेट, म्हणजे एक मध्यम आकाराचे युद्धजहाज, फक्त समोर मारा करते, म्हणून त्याच्या माथ्यावरून किंवा पोटाखालून येणाऱ्या लढाऊ विमानांना तेथे खरोखर लाभ होतो. त्यातील भिंतीची आणि गोलाची व्यूहरचना सपाट पटावर शक्यच नाही. एखाद्या मोठ्या जहाजाला सर्व बाजूंनी गोलाने वेढून टाकणे हा अनुभव दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या खेळात मिळत नाही. पुढच्या भागांत त्याच मालिकेने जे केले तेही बोलके आहे. २०१६ सालच्या 'डेझर्ट्स ऑफ खराक'मध्ये युद्ध वाळवंटी ग्रहाच्या जमिनीवर उतरले आणि तेथे उंच टेकडीवरच्या तुकडीला दृष्टीचा आणि माऱ्याचा फायदा मिळाला. २०२४ सालच्या 'होमवर्ल्ड ३'मध्ये पुन्हा अंतराळ आले, पण यावेळी त्यात प्रचंड प्राचीन अवशेष उभे केले होते, ज्यांच्या आडून जाता येते आणि ज्यांच्या बोगद्यांतून निसटता येते. त्रिमितीय अंतराळालाही डोंगर आणि खिंडी लागतात, हे मालिकेला पंचवीस वर्षांनी जाणवले असे मी मानतो.

तुमच्या भावाला एक सुचवा. सुरुवातीच्या काही मोहिमा त्यांनी उंचीला हातही न लावता, फक्त आडव्या चकतीवर खेळाव्यात. मग केवळ एका टेहळणी जहाजाला वर पाठवून खालचे दृश्य पाहावे. इतके सवयीचे झाले की पुढचे ते आपण होऊन करतील.

प्रश्न (अमळनेर, गणिताचे निवृत्त शिक्षक): माझ्या नातवाच्या 'स्टेलारिस' या खेळात संपूर्ण आकाशगंगा कागदावरच्या नकाशासारखी सपाट दाखवली आहे. ही खगोलशास्त्रीय चूक मुलांच्या मनात बसणार नाही का?

उत्तर: सर, हे प्रमाणावर अवलंबून आहे. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा व्यास सुमारे १,००,००० प्रकाशवर्षे आणि तिच्या पातळ तबकडीची जाडी सुमारे १,००० प्रकाशवर्षे धरली जाते. पंचवीस सेंटिमीटर रुंदीची कळण्याची भाकरी घेतली, तर त्या प्रमाणात तिची जाडी अडीच मिलिमीटर येईल. मध्यभागीचा फुगवटा सोडला, तर संपूर्ण आकाशगंगेचा नकाशा सपाट काढणे ही क्षम्य आणि बरीचशी योग्य गोष्ट आहे. सूर्यमालेचेही तसेच: ग्रहांच्या कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी थोड्याशाच कललेल्या आहेत, बुधाची सुमारे ७ अंश, शुक्राची ३.४ अंश आणि बाकीच्यांची त्याहून कमी.

चूक होते ती या दोन प्रमाणांच्या मध्ये. सूर्याच्या आसपासची काही डझन प्रकाशवर्षांची वस्ती पाहिली, तर तबकडीची जाडी त्याहून कितीतरी मोठी असल्यामुळे तेथे तारे सर्व दिशांना विखुरलेले आहेत. प्रॉक्सिमा हा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर, दूर दक्षिणेच्या आकाशात, बर्नार्डचा तारा सुमारे ६ प्रकाशवर्षांवर, खगोलीय विषुववृत्ताजवळ, व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, आकाशात बर्नार्डच्या ताऱ्याच्या जवळजवळ विरुद्ध बाजूला. सूर्य धरून हे चार बिंदू एका प्रतलावर बसत नाहीत, आणि आधीच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे चौथ्या बिंदूपाशीच त्रिमिती सुरू होते. जो खेळ शेजारच्या वीस-तीस ताऱ्यांचा आहे आणि तरी सपाट आहे, तो खरोखर खोटे अंतर दाखवतो.

१९९५ सालच्या 'असेन्डन्सी' आणि २००६ सालच्या 'स्वोर्ड ऑफ द स्टार्स' या खेळांनी ताऱ्यांचा फिरवता येणारा त्रिमितीय नकाशा दिला होता. तो पाहायला मोहक आहे, परंतु कोणता तारा कोणाच्या जवळ हे कळण्यासाठी तो सतत फिरवावा लागतो. 'असेन्डन्सी'ने त्यावर ताऱ्यांना मार्गांनी जोडले आणि 'स्टेलारिस'चाही कल अखेर तिकडेच गेला. २०१६ साली तो खेळ आला तेव्हा ताऱ्यांमध्ये प्रवास करण्याच्या तीन पद्धती होत्या. २०१८ च्या फेब्रुवारीतील मोठ्या बदलात सर्वांना ठरलेल्या मार्गांवर आणले गेले, जेणेकरून सीमा आणि तटबंदी यांना अर्थ यावा. अनेक जुने खेळाडू त्या वेळी नाराज झाले. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

मार्गांचे जाळे आले की मितींचा प्रश्नच गळून पडतो, आणि हे आपल्याला गणितज्ञ म्हणून आवडेल. रेल्वेचे उदाहरण घ्या. चाळीसगावहून धुळ्याला फाटा जातो, जळगावहून अमळनेर-नंदुरबारमार्गे सुरतेची वाट फुटते, आणि भुसावळला खंडव्याची व नागपूरची वाट वेगळी होते. कोणते स्थानक समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे याने प्रवासाचा हिशेब बदलत नाही. कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच पुरते, आणि भुसावळ जंक्शन ज्याच्या हाती त्याच्या हाती दोन्ही वाटा. जाळे सपाट कागदावर काढले काय किंवा अवकाशात टांगले काय, डाव एकच राहतो. नातवाला नकाशा रेल्वेच्या नकाशासारखा वाचायला सांगावे आणि सोबत शेजारच्या दहा ताऱ्यांची प्रतिकृती काड्या व मातीच्या गोळ्यांनी करून घ्यावी; दोन्ही गोष्टी मनात आपापल्या जागी राहतील.

प्रश्न (नंदुरबार, स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी): खऱ्या अंतराळयानांना तरी सगळ्या दिशा मोकळ्या असतात ना?

उत्तर: नसतात, आणि हे फार थोड्या खेळांत दाखवले जाते. पृथ्वीजवळच्या कक्षेतील यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने फिरत असते. त्याला आपल्याच कक्षेच्या प्रतलात पुढे-मागे होणे तुलनेने स्वस्त पडते. प्रतलच कलवायचे असेल, तर तो सगळा वेग नव्या दिशेला वळवावा लागतो. त्यासाठी लागणारा वेगातील बदल हा मूळ वेगाच्या दुपटीला कलाच्या अर्ध्या कोनाच्या साइनने गुणून मिळतो. साठ अंशांचा कल बदलायला पूर्ण ७.८ किलोमीटर प्रतिसेकंद एवढा बदल लागतो. त्याच कक्षेतून पृथ्वीचे गुरुत्व कायमचे सोडून जाण्यासाठी मात्र सुमारे ३.२ पुरतात. म्हणजे चोवीस-पंचवीस अंश कल बदलण्याच्या खर्चात यान पृथ्वीला सोडून निघून जाऊ शकते. २०१६ सालच्या 'चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ' या खेळात कक्षांचे हे गणित खरे धरले आहे, आणि तेथे तिसरी दिशा मोकळी असली तरी महाग आहे. महाग असल्यामुळेच ती कधी वापरायची हा निर्णय वजनदार होतो. आपण भौतिकशास्त्र वाचत असाल तर हा खेळ जरूर पाहावा. मात्र तो शिकायला कठीण आहे.

प्रश्न (धुळे, एक आई): अशा फिरत्या कॅमेऱ्याच्या खेळांनी मुलाला मळमळते. चष्म्याचा दोष असेल का?

उत्तर: डोळ्यांना दिसते की आपण फिरत आहोत आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण स्थिर आहोत, या विसंगतीने अनेकांना मळमळते, चष्मा असो वा नसो. कॅमेरा फिरण्याचा वेग कमी करावा, वरची दिशा स्थिर ठेवण्याची सोय असल्यास ती चालू करावी, स्क्रीनपासून अंतर वाढवावे आणि त्रास जाणवताच खेळ थांबवावा. खेळ नसतानाही चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न (शहादा, माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका): आठवीची मुले विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्यावर अंतराळयुद्धाचा बैठा खेळ करत आहेत. त्यांना उंची हवीच आहे. पुठ्ठ्यावर उंची कशी दाखवावी, आणि अंतर मोजताना पायथागोरसचे गणित प्रत्येक खेळीला करावे का?

उत्तर: बाई, या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण संगणकाच्या आधारावाचून त्रिमिती हाताळली की तिचे खरे वजन कळते. टेबलावरच्या खेळांत हा प्रयत्न झालेला आहे. 'अटॅक व्हेक्टर: टॅक्टिकल' या खेळात जहाजाखाली ठेवायच्या फरशा उंची दाखवतात आणि तिरके ठोकळे जहाजाचा कल दाखवतात, तो अतिशय काटेकोर आहे आणि आठवीच्या मुलांना जड जाईल. त्याच्या उलट टोकाला १९७३ सालचा 'ट्रायप्लॅनेटरी' आहे. त्याने उंची पूर्णपणे सोडली आणि जहाज ज्या वेगाने चालले आहे त्याच वेगाने पुढे जात राहते हा मुख्य नियम षटकोनी घरांच्या नकाशावर पेन्सिलने रेघ ओढून दाखवला. अंतराळाचा भास तेवढ्यानेही फार चांगला होतो. मुलांनी हा नियम जरूर उचलावा.

उंचीसाठी तीनच थर ठेवा: खालचा, मधला आणि वरचा. शिवणकामाच्या दोऱ्याची रिकामी रिळे घ्या. जहाज थेट पुठ्ठ्यावर असेल तर खालचा थर, एका रिळावर असेल तर मधला, एकावर एक चिकटवलेल्या दोन रिळांवर असेल तर वरचा. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या मुलालाही उंची लगेच दिसेल. जहाजाशेजारी फासा ठेवून त्यावर आकडा दाखवण्याची पद्धतही आहे, पण फासा धक्क्याने उलटतो आणि भांडण होते.

अंतरासाठी वर्गमूळ काढू नका. थर एकमेकांपासून दोन घरे दूर आहेत असे धरा, म्हणजे खालच्या आणि वरच्या थरांत चार घरांचा फरक येईल. मग आडवे अंतर आणि उभे अंतर यांपैकी मोठ्यात लहानाचे निम्मे मिळवा. आडवी चार घरे आणि उभी दोन असतील, तर उत्तर पाच. वर्गमुळाने ते ४.४७ येते. आडवी सहा आणि उभी दोन असतील, तर उत्तर सात; खरे ६.३२. ही पद्धत अंतर किंचित जास्त दाखवते, फरक कधीही बारा टक्क्यांपेक्षा जास्त होत नाही, आणि मुलांना ती तोंडी करता येते. प्रदर्शनात हीच तुलना एका तक्त्यावर मांडली तर परीक्षकांना गणिताचाही भाग दिसेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उंचीला काम द्या. पटाच्या मधोमध एक ग्रह ठेवा, जो सात घरे व्यापतो आणि खालच्या व मधल्या थरांत दृष्टी अडवतो. वरच्या थरावरचे जहाज ग्रहापलीकडच्या कोणत्याही जहाजावर मारा करू शकेल, मात्र त्याला स्वतःला ग्रहाआड लपता येणार नाही. ते सर्वांना दिसेल. एक थर चढण्या-उतरण्याला दोन घरांच्या चालीएवढा खर्च ठेवा. आणि तोफा फक्त समोरच्या तीन बाजूंना मारा करतील असे ठरवा, म्हणजे नुसत्या उंचीने कोणी अजिंक्य होणार नाही. एवढे केले की वर जायचे की आडोशाला राहायचे हा खरा प्रश्न प्रत्येक खेळीला उभा राहील.

मुलांनी पहिले दोन डाव उंची न वापरता खेळावेत, पुढचे चार डाव उंचीसह खेळावेत, आणि एकाने वहीत नोंद ठेवावी की थर किती वेळा बदलला आणि त्या त्या वेळी का बदलला. "सहज" असे कारण बहुतेक वेळा आले, तर ग्रह मोठा करा किंवा दुसरा ग्रह वरच्या दोन थरांत टांगा. सगळी जहाजे वरच्या थरावरच जाऊन बसू लागली, तर चढण्याचा खर्च तीन घरे करा. ती वही प्रदर्शनानंतर मला पाहायला मिळाली तर पुढील एखाद्या अंकात मुलांचा पट नियमांसह छापता येईल.